अटीतटीची निवडणूक आणि मतांचा हिशेब

निवडणुकीचा निकाल लागला की पिरंगुटच्या चौकात, पौडकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या चहाच्या टपरीवर किंवा कारखान्याची पाळी सुटल्यावर फाटकाशी जमलेल्या मंडळींत पहिला प्रश्न निघतो, 'कोण आले?' त्याचे उत्तर मिळते न मिळते तोच दुसरा प्रश्न येतो, 'किती मतांनी?' कुस्तीच्या फडात पाठ कुणाची लागली एवढेच पाहून कोणी परतत नाही. डाव कोणता पडला, लढत किती वेळ चालली, हेही आपण विचारतोच. निवडणुकीचेही तसेच आहे. परंतु आमच्या मते तिसरा एक प्रश्न याहून महत्त्वाचा असून तो फारसा कोणी विचारीत नाही. 'ही मते मोजली कशी?' हा तो प्रश्न होय. फरक लाखांचा असतो तेव्हा हा प्रश्न न विचारूनही चालते. फरक दोन आकड्यांवर येतो तेव्हा मात्र सगळा निकाल त्या एका प्रश्नावर उभा राहतो. प्रस्तुत लेखात आम्ही २०२४ सालच्या लोकसभा निवडणुकीच्या आधारे या प्रश्नाचा थोडा विचार करणार आहोत.

आरंभ आपल्या गावापासूनच करू. २००८ साली मतदारसंघांची पुनर्रचना झाली. तेव्हापासून भोर, वेल्हे (आताचा राजगड) आणि मुळशी हे तीन डोंगरी तालुके मिळून भोर विधानसभा मतदारसंघ होतो, आणि असे सहा विधानसभा मतदारसंघ मिळून बारामती लोकसभा मतदारसंघ होतो. दौंड, इंदापूर, बारामती, पुरंदर, भोर आणि खडकवासला ही ती सहा नावे. पिरंगुटचा मतदार ज्या खासदाराला निवडून देतो त्याच्या मतदारसंघाचे नाव शंभराहून अधिक किलोमीटरवरच्या गावाचे आहे. येथे भातखाचरे आणि कारखाने, तिकडे ऊस आणि कालवे. मध्ये पुणे शहराची वस्ती. अशा नाना तऱ्हेच्या लोकांची मते एकाच बेरजेत पडतात.

७ मे २०२४ रोजी या मतदारसंघात जे मतदान झाले त्याकडे साऱ्या देशाचे लक्ष होते. राष्ट्रवादी काँग्रेस पक्षात जुलै २०२३ मध्ये फूट पडली होती. पक्षाचे नाव आणि घड्याळ ही निशाणी फेब्रुवारी २०२४ मध्ये निवडणूक आयोगाने श्री. अजित पवार यांच्या गटाला दिली, श्री. शरद पवार यांच्या गटाला तुतारी वाजवणारा माणूस ही नवी निशाणी मिळाली. एका बाजूने श्रीमती सुप्रिया सुळे उभ्या राहिल्या, तर दुसऱ्या बाजूने त्यांच्या भावजय श्रीमती सुनेत्रा पवार. नणंद-भावजयीची लढत असे तिचे नाव गावोगाव पडले. ज्या घराण्याच्या नावावर माणसे वर्षानुवर्षे डोळे मिटून मत देत आली, ते घराणेच दोन निशाण्यांत विभागले गेले होते. त्यामुळे कोणाकडे जावे, हा अनेक कार्यकर्त्यांच्या घरात जेवणाच्या पानावरचा वाद झाला होता.

४ जून रोजी मोजणी झाली. सुप्रिया सुळे यांना ७,३२,३१२ व सुनेत्रा पवार यांना ५,७३,९७९ मते पडली. फरक १,५८,३३३ मतांचा. सहांपैकी पाच विधानसभा मतदारसंघांत सुळे यांना आघाडी मिळाली आणि त्यांत आपला भोरही होता. खडकवासल्यात तेवढ्या सुनेत्रा पवार पुढे राहिल्या.

येथे एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. लढत अटीतटीची असणे वेगळे आणि निकाल निसटता असणे वेगळे. बारामतीची लढत अटीतटीची होती, पण निकाल निसटता नव्हता. दीड लाखांच्या फरकात चार यंत्रे बिघडली, शे-दोनशे टपाली मते बाद झाली, तरी निकाल पालटत नाही. निसटत्या निकालाची गोष्ट पाहायची तर आपल्याला बोरघाट उतरून मुंबईस जावे लागेल.

मुंबईतील अठ्ठेचाळीस मते

मुंबई वायव्य, म्हणजे गोरेगाव, जोगेश्वरी, अंधेरी, वर्सोवा या भागाचा मतदारसंघ. येथेही फुटलेल्या पक्षाचे दोन भाग समोरासमोर होते. शिवसेनेचे श्री. रवींद्र वायकर आणि शिवसेना (उद्धव बाळासाहेब ठाकरे) पक्षाचे श्री. अमोल कीर्तिकर. मावळते खासदार श्री. गजानन कीर्तिकर हे अमोल यांचे वडील, आणि ते होते दुसऱ्या बाजूच्या शिवसेनेत. बारामतीत नणंद-भावजय, तर येथे बाप-लेक दोन तंबूंत.

यंत्रांवरील मतांची बेरीज झाली तेव्हा कीर्तिकर यांची मते ४,५१,०९५ भरली आणि वायकर यांची ४,५१,०९४. नऊ लाखांहून अधिक मते मोजल्यावर दोघांत अंतर उरले एका मताचे! टपालाने आलेल्या मतांत कीर्तिकर यांना १,५०१ आणि वायकर यांना १,५५० मते मिळाली. म्हणजे एकूण वायकर ४,५२,६४४ आणि कीर्तिकर ४,५२,५९६. वायकर ४८ मतांनी विजयी झाले. याच मतदारसंघात 'वरीलपैकी कोणीही नाही' हे बटण दाबणारे पंधरा हजारांहून अधिक होते, म्हणजे विजयाच्या फरकाच्या तीनशे पटींहून जास्त.

अठ्ठेचाळीस मते म्हणजे किती? एका मोठ्या इमारतीच्या दोन मजल्यांवरचे मतदार, किंवा आपल्याकडून पुण्यास जाणाऱ्या एका भरल्या एसटीतले प्रवासी. एवढी माणसे त्या दिवशी उन्हाला कंटाळून घरी बसली असती, तर लोकसभेतील एक खुर्ची दुसऱ्याकडे गेली असती. याहूनही बारीक फरक आपल्या देशात झाले आहेत. १९८९ साली आंध्रातील अनकापल्ली येथे आणि १९९८ साली तेव्हाच्या बिहारमधील राजमहल येथे लोकसभेचा निकाल अवघ्या नऊ मतांनी लागला होता.

मोजणीची वाट

मग ही मते मोजतात तरी कशी? मतदानाच्या दिवशी सकाळी, प्रत्यक्ष मतदान सुरू होण्यापूर्वी, उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर किमान पन्नास मते टाकून यंत्राची तालीम घेतात, आणि ती तालमीची मते पुसून यंत्र कोरे करतात. संध्याकाळी मतदान संपले की केंद्राध्यक्ष एक तक्ता भरतो. त्याला नमुना १७-क म्हणतात. या यंत्रात एकंदर किती मते नोंदली गेली, यंत्राचा क्रमांक काय, मोहोरेचे क्रमांक काय, हे सारे त्यात असते. या तक्त्याची प्रत तेथे हजर असलेल्या प्रत्येक मतदान प्रतिनिधीला द्यावी लागते. आमच्या मते साऱ्या निवडणुकीतील सर्वांत मोलाचा कागद तो हाच. किराणा दुकानदार जशी रोजच्या गल्ल्याची चिठ्ठी लिहून ठेवतो, तशी ही त्या मतदान केंद्राची चिठ्ठी होय.

मोजणीच्या दिवशी सकाळी आठ वाजता प्रथम टपाली मते हाती घेतात आणि अर्ध्या तासाने यंत्रांची मोजणी सुरू होते. प्रत्येक विधानसभा मतदारसंघासाठी साधारणपणे चौदा मेजे मांडतात; सर्व मेजांवरची एकेक यंत्रे मोजून झाली की एक फेरी पूर्ण होते. पलीकडे उमेदवारांचे प्रतिनिधी हातात १७-क च्या प्रती घेऊन बसलेले असतात. यंत्राने दाखविलेली एकूण मते आणि कागदावरची एकूण मते जुळली पाहिजेत. शेवटी प्रत्येक विधानसभा मतदारसंघातून चिठ्ठ्या टाकून पाच केंद्रे निवडतात आणि तेथील मतपावत्या हाताने मोजून यंत्राच्या आकड्याशी ताडून पाहतात. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने ही संख्या एकावरून पाचावर नेली. सगळ्याच पावत्या मोजाव्यात ही मागणी त्या न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये मान्य केली नाही. मात्र हरलेल्या उमेदवाराने खर्च भरल्यास काही यंत्रांची निकालानंतर तपासणी करून घेण्याची सोय करून दिली.

निसटत्या निकालासाठी आयोगाचे दोन नियम मुद्दाम सांगण्याजोगे आहेत. एखाद्या केंद्रावर तालमीची मते पुसायची राहून गेली, तर ते यंत्र बाजूला ठेवतात. आणि विजयाचा फरक अशा केंद्रांवरील मतांपेक्षा कमी असेल तरच त्या केंद्रांच्या मतपावत्या मोजायच्या, असा २०२४ साली नियम होता. दुसरा नियम टपाली मतांचा. बाद ठरविलेल्या टपाली मतांपेक्षा विजयाचा फरक कमी असेल, तर बाद मतांची पुन्हा तपासणी करावीच लागते. मुंबई वायव्य येथे बाद टपाली मते १११ आणि फरक ४८. म्हणून ती तपासणी करावी लागली. जेथे फरक मोठा तेथे या नियमांची आठवणही कोणाला होत नाही. पुलाखालचे लोखंड किती मजबूत आहे हे पूर आल्यावरच समजते, तशीच ही गोष्ट आहे.

दोघांची मते अगदी सारखी झाली तर? १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात त्याचेही उत्तर आहे. तेव्हा चिठ्ठी टाकायची, आणि जिच्या नावाची चिठ्ठी निघेल त्या व्यक्तीला एक मत अधिक पडले असे मानायचे. ही केवळ कागदावरची तरतूद आहे असे कोणी समजू नये. २०१७ साली मुंबई महानगरपालिकेच्या निवडणुकीत एका प्रभागात दोन उमेदवारांना प्रत्येकी ५,९४६ मते पडली होती, आणि नगरसेवक कोण हे चिठ्ठीनेच ठरले.

हरलेल्याचा हक्क

आतापर्यंत आम्ही जिंकलेल्याचा विचार केला. परंतु निवडणुकीची खरी कसोटी हरलेला माणूस असतो. जिंकलेला मोजणीवर विश्वास ठेवणारच. त्यात विशेष ते काय? हरलेल्याने आपल्या घरी जाऊन 'आम्ही हरलो, पण हिशेब चोख होता' असे म्हणावे, यासाठी हा सारा खटाटोप असतो. आणि हिशेब चोख नव्हता असे त्याला वाटले, तर तसे म्हणण्याची आणि ते सिद्ध करण्याची वाट मोकळी असली पाहिजे.

या वाटेवरून चालत गेलेले एक थोर नाव येथे आठवते. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मुंबई शहर उत्तर या मतदारसंघातील राखीव जागेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे होते. काँग्रेसचे श्री. नारायण काजरोळकर यांना १,३८,१३७ आणि बाबासाहेबांना १,२३,५७६ मते मिळाली. १४,५६१ मतांनी त्यांचा पराभव झाला. हा मतदारसंघ दोन जागांचा होता. मतदाराला दोन मते होती आणि ती दोन्ही एकाच उमेदवाराला देता येत नसत. त्या निवडणुकीत येथे चौऱ्याहत्तर हजारांहून अधिक मते बाद ठरली, म्हणजे फरकाच्या सुमारे पाचपट! मते वाया घालविण्याचा प्रचार झाल्याची तक्रार करून बाबासाहेब आणि श्री. अशोक मेहता यांनी निवडणूक अर्ज दाखल केला. त्यात त्यांना यश आले नाही. परंतु ज्याने या देशाची घटना सिद्ध करण्यात सर्वांत मोठा वाटा उचलला, त्याने स्वतःच्या पराभवानंतर कायद्यानेच दाद मागितली, ही गोष्ट आम्हांला फार मोलाची वाटते. पुढे १९६१ साली दोन जागांचे मतदारसंघच रद्द झाले.

त्या काळी असे अर्ज न्यायाधिकरणापुढे चालत. १९६६ पासून ते उच्च न्यायालयापुढे चालतात. निकालापासून ४५ दिवसांच्या आत अर्ज करावा लागतो, आणि केवळ चूक झाली एवढे दाखवून भागत नाही. त्या चुकीमुळे निकाल पालटला हेही दाखवावे लागते. अमोल कीर्तिकर हे याच वाटेने गेले. मोजणीनंतर मुंबईत यंत्र मोबाइलवरून उघडते अशी आवई उठली होती, आणि निवडणूक अधिकाऱ्यांना तिचा खुलासा करावा लागला होता. न्यायालयात आवई चालत नाही; तेथे कागद लागतो. डिसेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कीर्तिकर यांची याचिका फेटाळली. कोणाला हा निर्णय पटेल, कोणाला पटणार नाही; परंतु अठ्ठेचाळीस मतांचा वाद रस्त्यावर दगडांनी न लढता न्यायालयात युक्तिवादाने लढला गेला, हे लहान यश नव्हे.

मते आणि जागा

एका मतदारसंघातील फरक पाहिला. आता साऱ्या महाराष्ट्राची बेरीज पाहू. राज्यातील ४८ जागांपैकी महाविकास आघाडीला ३०, महायुतीला १७ आणि सांगलीत एका अपक्षाला १ जागा मिळाली. हे आकडे ऐकून कोणासही वाटेल की राज्यात एकतर्फी लाट होती. परंतु मतांची टक्केवारी पाहिली तर दोन्ही बाजू त्रेचाळीस-चव्वेचाळीसच्या घरात होत्या. अंतर अर्ध्या टक्क्याच्या आत! मतांत जवळजवळ बरोबरी आणि जागांत मात्र जवळजवळ दुपटीचा फरक, हे कसे घडले?

आपल्या पद्धतीत प्रत्येक मतदारसंघात ज्याला सर्वांत जास्त मते तो निवडून येतो. बाकीच्यांच्या पदरी काही पडत नाही. एका ठिकाणी दोन लाखांनी जिंकले काय किंवा अठ्ठेचाळीसने जिंकले काय, जागा एकच. धुळ्याचे उदाहरण घ्या. भाजपचे श्री. सुभाष भामरे सहांपैकी पाच विधानसभा मतदारसंघांत पुढे होते, परंतु एकट्या मालेगाव मध्य या भागाने काँग्रेसच्या श्रीमती शोभा बच्छाव यांना इतकी आघाडी दिली की त्या ३,८३१ मतांनी निवडून आल्या. बीडमध्ये श्री. बजरंग सोनवणे यांनी श्रीमती पंकजा मुंडे यांना ६,५५३ मतांनी हरविले. साताऱ्यात श्री. उदयनराजे भोसले ३२,७७१ मतांनी जिंकले. तेथे तुतारीशी मिळतीजुळती निशाणी असलेल्या एका अपक्षाला सदतीस हजारांहून अधिक मते पडली होती. ती सारी चुकून पडली असे म्हणता येणार नाही, आणि एकही चुकून पडले नाही असेही म्हणता येणार नाही.

ही पद्धत आपण इंग्लंडकडून घेतली. तेथे जुलै २०२४ मध्ये मजूर पक्षाला ३३.७ टक्के मतांवर ६५० पैकी ४११ जागा मिळाल्या. या पद्धतीचा गुण असा की प्रत्येक भागाला आपला म्हणून एक खासदार असतो आणि सरकार बनणे सोपे जाते. दोष असा की थोड्या मतांचा मोठा आवाज होतो. म्हणून जागा पाहून जनतेचा कौल वाचताना जरा नम्रता हवी. देशात भाजपला २४० जागा मिळाल्या, बहुमताच्या २७२ या आकड्याहून कमी; मित्रपक्षांसह २९३ झाल्या आणि सरकार बनले. त्या २९३ मध्ये मुंबईची अठ्ठेचाळीस मतांची जागाही आहे, आणि सभागृहात तिचे वजन इतर कोणत्याही जागेइतकेच आहे. लोकसभेत एकेका मताला काय किंमत येते, हे १७ एप्रिल १९९९ रोजी दिसलेच. त्या दिवशी २६९ विरुद्ध २७० अशा मतांनी, एका मताने, वाजपेयी सरकार पडले.

कौल वाचताना नम्रता का हवी, हे सांगायला लांब जाण्याचे कारण नाही. जूनमध्ये भोर विधानसभा मतदारसंघाने सुप्रिया सुळे यांना चाळीस हजारांहून अधिक मतांची आघाडी दिली. नोव्हेंबरात विधानसभेची निवडणूक झाली. तेव्हा याच मतदारसंघात सुळे यांच्या मित्रपक्षाचे, म्हणजे काँग्रेसचे, तीन वेळा निवडून आलेले आमदार श्री. संग्राम थोपटे यांचा अजित पवार यांच्या पक्षाचे श्री. शंकर मांडेकर यांनी १९,६३८ मतांनी पराभव केला. साऱ्या राज्यातही महायुतीच्या तीन प्रमुख पक्षांनी २८८ पैकी २३० जागा मिळविल्या. पाच-साडेपाच महिन्यांत मुळशीचे डोंगर काही हलले नव्हते, आणि मतदार यादीही बहुतांशी तीच होती. तेव्हा 'हा भाग आमचा' असे म्हणणाऱ्या प्रत्येक पुढाऱ्याने हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहून ठेवावेत. मतदार कोणाच्या सातबाऱ्यावर चढत नसतो.

आपल्या वाट्याचे काम

शेवटी एक साधा हिशेब. बारामतीत २०२४ साली सुमारे साठ टक्के मतदान झाले. न आलेल्या मतदारांची संख्या नऊ लाखांहून अधिक भरते. म्हणजे विजयी उमेदवाराला पडलेल्या मतांपेक्षाही जास्त. यांत आळशी किती आणि अगतिक किती, हे आम्ही सांगू शकत नाही. पिरंगुटच्या आसपास खोल्या घेऊन राहणारे कितीतरी कामगार असे असतात की त्यांचे नाव मराठवाड्यातल्या किंवा विदर्भातल्या गावच्या यादीत असते. मतदानाच्या दिवशी पगारी सुट्टी देण्याची कायद्यात तरतूद आहे, पण एका दिवसाच्या सुट्टीत गावी जाऊन येणे होत नाही. त्यांनी राहत्या जागी नाव आणण्यासाठी नमुना ८ भरावा, आणि हे त्यांना आपल्यापैकी कोणीतरी सांगावे. नाव नसल्याचे दुःख मतदानाच्या दिवशी केंद्राच्या दारात करून उपयोग नसतो. यादी आधी पाहायची असते.

दुसरे काम याहून दुर्लक्षित आहे. सभेला, मिरवणुकीला माणसे मिळतात. परंतु केंद्रावर दिवसभर बसून तालीम पाहणारा, मोहोरेचे क्रमांक टिपणारा आणि संध्याकाळी १७-क ची प्रत मागून घेणारा प्रतिनिधी मिळणे कठीण जाते. या कामात गुलाल नाही, हारतुरे नाहीत. पण निकाल जेव्हा अठ्ठेचाळीस मतांवर येतो तेव्हा भाषणे कोणी विचारीत नाही. तो कागद कोणाकडे आहे, हे विचारतात. पक्ष कोणताही असो, सुशिक्षित तरुणांनी हे काम अंगावर घ्यावे असे आम्हांला मनापासून वाटते.

पुढच्या निकालाच्या दिवशी 'कोण आले?' आणि 'किती मतांनी?' हे प्रश्न निघतीलच, ते निघावेतही. त्यांच्या जोडीला 'आपल्या केंद्राचा हिशेब जुळला ना?' हाही प्रश्न कोणीतरी विचारावा, आणि त्याचे उत्तर देऊ शकणारा एक तरी माणूस त्या घोळक्यात असावा. तसा माणूस असला की हरलेल्या बाजूची मंडळीही चहा संपवून शांतपणे घरी जातील, आणि दुसऱ्या दिवशी दोन्ही बाजूंची माणसे एकाच पाळीवर कामाला उभी राहतील.